विषयांची सोयरीक

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहायचे म्हटले की सात गावे पालथी घातली जातात. घर कसे, शेती किती, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात टिकते का, मुलाला सुपारीखेरीज आणखी कसले व्यसन आहे का, याची चौकशी मामापासून मावसभावापर्यंत सगळे करतात. बैल विकत घेतानादेखील दात मोजल्याशिवाय कोणी दावे हातात घेत नाही. पण त्याच मुलीने कॉलेजात तीन-चार वर्षे कोणत्या विषयांशी संसार करावा, हे मात्र पाच मिनिटांत ठरते. आणि बहुधा ते ठरते ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्याच्या दुकानात, पाठीमागे दहा माणसांची रांग उभी असताना. ‘मैत्रिणीने काय घेतले?’ एवढा एकच प्रश्न विचारला जातो. मैत्रिणीने जे घेतले ते हिनेही घेतले, की जुळली सोयरीक!

मी वऱ्हाडातल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात इंझोरीकडची मुले-मुली दरवर्षी असतात. इंझोरी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले गाव. सोयाबीन, तूर आणि कपाशी यांच्यावर जगणारे. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा निघाला, त्यापूर्वी हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. विद्यापीठाचेही तसेच. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठच पूर्वी वऱ्हाडालाही पदव्या देई. १९८३ साली अमरावतीला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि आज ते संत गाडगेबाबांच्या नावाने ओळखले जाते. म्हणजे इकडच्या एखाद्या शिकल्यासवरल्या घरात आजोबांची पदवी नागपूरची आणि नातीची अमरावतीची, असे सहज आढळते. पण असे घर गावात विरळाच. बहुतेक घरांतून कॉलेजची पायरी चढणारे पोर हे त्या घरातले पहिलेच असते. त्याला विषय कोणी सांगावा? बापाला पेरणीची ओढ लागलेली, आईला सहीपुरतीच अक्षरओळख, आणि गावातला जो एक पदवीधर, तो पुण्याला कंपनीत!

थाळी आणि खानावळ

पूर्वी हे सारे सोपे होते. मी स्वतः बी. ए. झालो तेव्हा इंग्रजी आवश्यक, एक भाषा आवश्यक आणि तीन ऐच्छिक विषय, असा ठरीव मामला होता. ठरलेल्या थाळीत भाजी आवडली नाही तरी पोट भरते, तशातला तो प्रकार. आता खानावळीच्या भिंतीवर फळा लागला आहे आणि ‘काय हवे ते मागा’ असे सांगितले जात आहे.

२०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ या वर्षापासून पदवीची नवी रचना आली. तिच्यात एक मुख्य विषय असतो, त्याला मुले ‘मेजर’ म्हणतात. त्याच्या जोडीला दुय्यम विषय, तो ‘मायनर’. मग खुला वैकल्पिक विषय, आणि तो मात्र आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. कलाशाखेच्या मुलाने वाणिज्याचा किंवा विज्ञानाचा घ्यावा, अशी त्यातली कल्पना आहे. याशिवाय कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, खेळ-सेवा-कला यांपैकी काही, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि क्षेत्रप्रकल्प. या साऱ्यांचे मोजमाप ‘क्रेडिट’ म्हणजे श्रेयांकांत होते. एका सत्रात २० ते २२, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक. वर्गात शिकायच्या विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक म्हणजे ३० तास. मिळवलेले श्रेयांक एका बँकेत जमा राहतात. पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडावे लागले तर ४० ते ४४ श्रेयांक आणि वरचे ४ श्रेयांकांचे कौशल्याचे काम एवढ्यावर प्रमाणपत्र मिळते, आणि पुढे परतही येता येते.

माझ्या मते यातली ही शेवटची सोय आमच्या भागाला मोलाची आहे. नापिकीच्या वर्षी पोराला कॉलेज सोडावे लागते, तेव्हा निदान त्याचे वर्ष तरी पाण्यात जाऊ नये. पण सोय झाली म्हणून ती उमगली असे होत नाही. फळ्यावर वीस पदार्थ लिहिले आणि गिऱ्हाइकाला एकाचेही नाव ठाऊक नसले, तर ते शेजारच्या ताटाकडे बोट दाखवते. आमची मुले हेच करतात.

सल्लागार कोठून आला?

विषय निवडण्याची मोकळीक ही गोष्ट जगाला नवी नाही. अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ पासून १९०९ पर्यंतच्या आपल्या कारकिर्दीत ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडू दिले. मोकळीक वाढली तशी मुले भांबावली, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला विषयांबाबत सल्ला देणारा एक अध्यापक नेमून देण्याची पद्धत तिकडे रुजली. म्हणजे आधी निवड आली आणि तिच्या पाठोपाठ सल्लागार आला. आपल्याकडे निवड आली आहे, सल्लागार अजून वाटेवर आहे.

या मोकळिकीचा सर्वांत मोठा लाभ ज्याने घेतला तो विद्यार्थी आपलाच होता. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ पर्यंत त्यांनी तेथे घेतलेल्या विषयांची यादी पाहण्यासारखी आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. आजच्या भाषेत बोलायचे तर अर्थशास्त्र त्यांचे ‘मेजर’. त्या विषयात त्यांना सेलिग्मन यांच्यासारखा गुरू लाभला, आणि पुढे १९२५ साली बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथाला सेलिग्मन यांनीच प्रस्तावना लिहिली. पण भारतातील जातींवरचा बाबासाहेबांचा जो पहिला गाजलेला निबंध, तो त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला कोठे? मानवशास्त्राच्या परिसंवादात! २९ अभ्यासक्रमांच्या शेजारी जे अवघे ४ होते, त्यांतून तो निबंध निघाला. जोडीचा विषय हा तोंडी लावण्यापुरता असतो असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींचे. हार्वर्डला असताना बर्कहॉफ या नामांकित गणितज्ञाने त्यांना सांगितले की, तू गणितावरच लक्ष केंद्रित कर. कोसंबींनी तो सल्ला ऐकला आणि नाना विषय घेतले! १९२९ साली ते तेथून पदवीधर झाले. पुढे ते गणितीही झाले, आणि जुन्या नाण्यांची वजने घेऊन त्यांवर संख्याशास्त्र चालवणारे इतिहासकारही झाले. सल्लागाराने सांगावे, विद्यार्थ्याने ऐकावे, पण सही विद्यार्थ्याची असावी, इतकाच याचा अर्थ.

आणि आमच्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख? शेतकऱ्याच्या घरातून निघाले, विलायतेत जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला, १९३२ साली अमरावतीला शिवाजी शिक्षण संस्था काढली, आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे शेतीखाते सांभाळले. वेदांवर प्रबंध लिहिला म्हणून त्यांची मातीशी ओळख तुटली नाही. विषय माणसाला एका खुंटीला बांधून ठेवतो, ही भीती बरीचशी खोटी आहे.

बरीचशी म्हणतो, सगळी म्हणत नाही. थोरांच्या नावावर वाटेल तो विषय घेणे हा निराळा धोका आहे. काही दारे खरोखरच बंद होतात, आणि ती कोठे बंद होतात हे मुलाला आधी सांगावे लागते. अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचे, इंझोरीच्या मुलांना परके मुळीच नाही; परंतु शेतीची पदवी घ्यायची तर बारावी विज्ञानाची आणि प्रवेशपरीक्षा लागते. बी. एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्र हवे. हे बारावीनंतर कळून काय उपयोग? हा निर्णय दहावीच्या निकालाच्या आठवड्यात होऊन गेलेला असतो. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेशही साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आणि दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येऊ लागली. दहा पसंत्या द्यायच्या म्हणजे दहा वेळा विचार करायचा. प्रत्यक्षात दुकानदार जी भरतो ती मुलाची पसंती!

सल्लागारच दुकानदार

आता घरचीच गोष्ट सांगतो. नव्या रचनेत मुलांना सल्ला द्यायचा कोणी? कॉलेजात प्रत्येक अध्यापकाकडे काही मुले ‘मेंटॉर’ म्हणून सोपवलेली असतात. त्यांची वही असते, वहीत सह्या असतात, आणि मूल्यांकनाची समिती आली की ती वही टेबलावर मांडली जाते. नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ नावाचा कार्यक्रमही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली सुचवला आहे. तेव्हा व्यवस्था नाही असे कोणी म्हणू नये.

अडचण निराळीच आहे. मी मराठीचा अध्यापक. माझा कार्यभार ठरतो मुलांच्या संख्येवर. मराठी घेणारी मुले घटली की तास घटतात, तास घटले की जागा धोक्यात येते. आणि ज्या बिचाऱ्याची नेमणूक तासिका तत्त्वावर आहे त्याच्या तर चुलीवरच पाणी पडते. अशा माणसापुढे अठरा वर्षांची पोर येऊन विचारते, “सर, कोणता विषय घेऊ?” आपल्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहून ‘शेजारच्या दुकानात माल चांगला आहे’ असे सांगणारा वाणी कोणी पाहिला आहे काय? जून-जुलैत कॉलेजांच्या व्हरांड्यांतून जी ओढाताण चालते, ती पाहून मला आठवडी बाजाराची आठवण होते. यात कोणी वाईट नाही. ज्याचे पोट ज्या विषयावर, तो त्या विषयाची स्तुती करणारच. पण मुलाने हे ओळखून असावे, आणि निदान दोन विषयांच्या दोन अध्यापकांना तोच प्रश्न विचारावा.

इंझोरीच्याच एका मुलीची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. बारावी कलाशाखेतून चांगल्या गुणांनी पास होऊन ती वडिलांबरोबर आली. वडिलांच्या पायांना शेतातली ओली माती तशीच होती.

“सर, पोरीले काय घ्याव लागते ते तुम्हीच सांगा जी. आम्हाले त्यातलं काही समजत नाई.”

“तिला काय आवडते?” मी विचारले.

“तिले काय इचारता? तिले सगळंच आवडते!”

पोर हसली. म्हणाली, “सर, मले तलाठी व्हायचं हाये. मैतरीण म्हणते, मराठी घे, सोपं असते.”

मराठी सोपे असते, हे वाक्य मी वर्षातून चाळीसदा ऐकतो. त्यावर रागावण्यात अर्थ नाही. मी तिला विचारले की, बारावीला परीक्षा नसतानाही कोणते पुस्तक उघडून बसत होतीस? ती जरा थांबली आणि म्हणाली, भूगोलाचे. बारावीत तिने गावाजवळच्या नाल्याचा नकाशा काढला होता. पाऊस किती झाला की पाणी कोणाच्या वावरात शिरते, हे तिला पाठ होते. वडील मध्येच म्हणाले, “हे खरं हाये जी. मलेच सांगत असते, बांध इकून घाला म्हणून.”

मग मी तिला एकच गोष्ट समजावून सांगितली. तलाठ्याच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन विचारतात, आणि हे चारही तुझा मुख्य विषय कोणताही असला तरी स्वतंत्रपणे करावेच लागतात. तेव्हा तलाठी व्हायचे म्हणून मराठी घे, असे सांगणारा तुला फसवत तरी आहे किंवा त्यालाच ठाऊक नाही. उद्या अधिक वरची उमेद धरलीस तर केंद्राच्या परीक्षेला एक वैकल्पिक विषय लागतो, २०२५ पासून राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेलाही लागतो. तेथे भूगोलही चालतो आणि मराठी वाङ्मयही. शिक्षिका व्हावेसे वाटले तर बी. एड.साठी पदवीचा विषय शाळेत शिकवला जाणारा असावा लागतो. भूगोल आणि मराठी दोन्ही तसे आहेत. मग जो विषय तू रात्री कंदील लावूनही वाचशील, तो मुख्य घे.

तिने भूगोल मुख्य आणि मराठी जोडीला, असे ठरवले. पण वडील उठेनात. “प्रॅक्टिकल दुपारी असते म्हणतात. शेवटची गाडी चुकली तं?”

वाचकहो, शहरातल्या माणसाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. आमच्याकडे मुलींचे विषय पुष्कळदा एस. टी.चे वेळापत्रकच ठरवते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.चे तिकीट अर्धे झाले, पण गाडीच नसली तर अर्धे तिकीट घेऊन काय करायचे? मी भूगोलाच्या सहकाऱ्याला बोलावले. त्याने प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या असतात असे सांगितले आणि सकाळच्या तुकडीत तिचे नाव घातले. हे काम दहा मिनिटांचे होते. पण ते कोणी विचारले नसते, तर पोरीने भूगोल सोडला असता आणि पुढे जन्मभर ‘मले मराठी आवडत होतं’ असे सांगत राहिली असती.

ती तलाठी होईल की नाही, हे सांगायला अजून वेळ आहे. आज ती वर्गात पुढच्या बाकावर बसते आणि माझ्या तासालाही येते, एवढे सांगू शकतो.

निवडण्यापूर्वीची तयारी

विषय निवडण्याआधी मुलाने काय करावे, असे पालक विचारतात. माझा अनुभव असा की पाच-सहा साध्या गोष्टी पुरतात, आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली, त्या विषयाचे गेल्या वर्षीचे पुस्तक एखाद्या पुढच्या मुलाकडून मागून आणावे आणि एक प्रकरण वाचावे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मोबाइलवर मिळतो, तोही पाहावा. विषयाचे नाव आणि विषय यांत पुष्कळ अंतर असते. मानसशास्त्र म्हणजे दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याची विद्या, अशा समजुतीने आलेली मुले मी पाहिली आहेत. विज्ञान घेणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलाने तर पुस्तक आधी अवश्य पाहावे, कारण पदवीची पुस्तके इंग्रजीत असतात. घाबरून सोडावे म्हणून हे सांगत नाही. उन्हाळ्यातले दोन महिने त्या भाषेवर खर्च करावेत म्हणून सांगतो.

दुसरी, सल्ला घ्यायला जाताना कोरा कागद घेऊन जाऊ नये. ‘मी काय घेऊ?’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘मला शिक्षिका व्हायचे आहे, मला गणित जड जाते, चारला घरी निघावे लागते, तर या तीन विषयांपैकी कोणता?’ या प्रश्नाला उत्तर असते. तिसरी, या विषयाला पक्का अध्यापक आहे का, की जागा रिकामी आहे, हे विनासंकोच विचारावे. फळ्यावर लिहिलेला प्रत्येक पदार्थ चुलीवर असतोच असे नाही. चौथी, विषय बदलण्याची शेवटची तारीख कार्यालयातून लिहून घ्यावी आणि तोवर मन लावून तासाला बसावे. पाचवी, खुला वैकल्पिक विषय उरलासुरला म्हणून घेऊ नये. कलाशाखेच्या मुलीने हिशेबाचा विषय घेतला तर बचतगटाची वही ती अधिक विश्वासाने लिहील.

आणि शेवटची गोष्ट दिनदर्शिकेची. २२ श्रेयांकांचे सत्र म्हणजे आठवड्याला निदान बावीस तास वर्ग, प्रात्यक्षिक असल्यास अधिकच. आमच्याकडे प्रवेश होतात पेरणीत, आणि सोयाबीन कापणीला येते नेमके सत्रपरीक्षेच्या तोंडावर. त्या पंधरवड्यात वर्ग ओस पडतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही, मजूर मिळत नाहीत हे खरेच आहे. पण हे दर वर्षी होणार हे ठाऊक असताना जड विषय आणि प्रात्यक्षिके सगळी पहिल्या सत्रात घ्यायची की निवडीला वाव असेल तेथे काही दुसऱ्या सत्राला ठेवायची, एवढा हिशेब तर करता येईल? शेतकरी कोणत्या वावरात काय आणि केव्हा पेरायचे हे ठरवतोच. पोराच्या वर्षाचेही तसेच ठरवावे, आणि त्या बोलण्याला बापानेही बसावे. मजुराची गरज कोणत्या आठवड्यात लागेल हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शासनाने स्वतंत्र सल्लागार नेमावा, अशी मागणी करावी, मीही करतो. तोवर इंझोरीसारख्या गावांना एक गोष्ट आपल्या हाताने करता येईल. दिवाळीला पुण्या-मुंबईची, नागपूरची नोकरदार मुले गावी येतात. पाडव्याच्या सकाळी त्यांनी शाळेच्या ओट्यावर दोन तास बसावे. नर्स झालेल्या मुलीने दहावीच्या मुलींना सांगावे की कोणता विषय कोठे लागला. पोलिसात गेलेल्याने सांगावे, बी. कॉम. होऊन बँकेत लागलेल्याने सांगावे, आणि ज्याचे जमले नाही त्यानेही सांगावे. त्याचे तर आधी ऐकावे. प्रवेशाला त्यानंतर सहा-सात महिने उरतात. स्थळाची चौकशी करायला तेवढे पुरतात, तर विषयांची करायलाही पुरावेत.